रुक्मिणीच्या वाटेवर एक दिवस: कौंडण्यपूर ते माधवपूर



दोघांनी मिळून एक व्याख्यान द्यायचं, हा प्रकार आम्हालाही नवाच आहे. आमच्यापैकी एकाने तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, दुसरीने मराठी. त्यामुळे आज आम्ही ‘आम्ही’ म्हणू ते मोठेपणाचं ‘आम्ही’ नाही, मोजून दोघांचं आहे. मध्येच एकमेकांचं वाक्य तोडलं तर सांभाळून घ्या, घरीही तेच चालतं.

विषय पत्रिकेवर ‘प्रवासवर्णन’ असा छापलाय. तो अर्धाच बरोबर आहे. आम्ही गेल्या फेब्रुवारीत सौराष्ट्रात गाडीने एक दिवस फिरलो. सकाळी गीरचं जंगल, दुपारनंतर समुद्रकिनारा, संध्याकाळी माधवपूर. पण त्या दिवसाबद्दल इथे, कौंडण्यपुरात, वर्धेच्या काठी बसून बोलायचं कारण वेगळं आहे. या गावातून एक मुलगी रथात बसून निघाली आणि थेट त्या किनाऱ्यावर जाऊन तिचं लग्न लागलं, असं गुजरातचे लोक सांगतात. निघाली ते गाव आपलं. पोहोचली ते गाव आपल्यापैकी किती जणांनी पाहिलंय? हात वर करा. ... बरं. आम्हीही साठी ओलांडेपर्यंत पाहिलं नव्हतं.

आधी थोडा भूगोल, म्हणजे प्रवास कळेल.

नकाशा काढा आणि एकवीस अंश उत्तर अक्षांशावर बोट ठेवा. कौंडण्यपूर, अमरावती आणि माधवपूर ही तिन्ही ठिकाणं थोड्याफार फरकाने त्याच रेषेच्या आसपास येतात. म्हणजे इथून नाक पश्चिमेकडे ठेवून सरळ चालत सुटलं तर सुमारे साडेआठशे किलोमीटरवर माधवपूरची वाळू पायाला लागेल. मधे खंभातचं आखात आहे, तेवढं पोहून जायचं. रेखांशात साधारण आठ अंशांचा फरक पडतो. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे तिकडे सूर्य आपल्यापेक्षा अर्धा तास उशिरा बुडतो. हा अर्धा तास लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचंय.

दुसरी गोष्ट पाण्याची. अमरावतीत पडलेला पाऊस पेढीत जातो, पेढीतून पूर्णेत, पूर्णा चांगदेवला तापीला मिळते आणि तापी सुरतेजवळ पश्चिम समुद्राला. तिथून चाळीसएक किलोमीटरवर या कौंडण्यपुरात पडलेला पाऊस वर्धेत जातो, मग प्राणहितेतून गोदावरीत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात. तुम्ही अमरावतीहून कुऱ्ह्यावरून इथे आलात तेव्हा वाटेत कुठेतरी ही पाणलोटाची रेषा ओलांडलीत. बसमध्ये कळलंही नसेल, कारण तिथे ना मोठा डोंगर आहे ना घाट. तिकडे पोहरा-चिरोडीच्या टेकड्या, सागाचं नि पळसाचं जंगल, आणि उतार कधी बदलला ते फक्त नाल्यांना ठाऊक. रुक्मिणी पूर्वेकडे वाहणाऱ्या नदीच्या काठची. ती पश्चिम समुद्राकडे गेली, म्हणजे आपल्या नदीच्या उलट्या दिशेने गेली.

आणि जायला वाट होती. वऱ्हाडचं सपाट मैदान, पूर्णेचं खोरं, पुढे तापीचं खोरं, वर सातपुडा, खाली अजिंठ्याचे डोंगर. ही निसर्गाने केलेली गल्लीच आहे. सह्याद्रीची मुख्य भिंत तापीच्या अलीकडेच संपते, त्यामुळे या वाटेने समुद्राकडे जाताना मोठा घाट उतरावा लागत नाही. व्यापारी तिथूनच गेले, कापूस तिथूनच गेला, पुढे भुसावळ-सुरत रेल्वेलाही तीच वाट सोयीची पडली. आजचा त्रेपन्न नंबरचा महामार्गही तोच. २०२२च्या जूनमध्ये अमरावती ते अकोला या टप्प्यावर सलग १०५ तासांत ७५ किलोमीटर डांबरीकरण झालं आणि त्याचा विश्वविक्रम नोंदवला गेला. आम्ही तेव्हा म्हटलं, दारुक सारथ्याला हा रस्ता मिळाला असता तर!

कारण भागवतात म्हटलंय की कृष्ण आनर्त देशाहून विदर्भात एका रात्रीत आला. भूगोलाच्या मास्तरला अशी वाक्यं दिसली की हात शिवशिवतात. द्वारका ते कौंडण्यपूर हवाई अंतर साडेनऊशे किलोमीटरच्या घरात आहे. रात्र बारा तासांची धरली तरी ताशी ऐंशी किलोमीटर, न थांबता. चार घोडे. आता याचा अर्थ काय काढायचा? घोडे दिव्य होते म्हणा, किंवा कवीला अंतर ठाऊक नव्हतं म्हणा. मराठीच्या बाईंचं म्हणणं तिसरं आहे: तो आकडा वेगाचा नाही, घाईचा आहे. रुक्मिणीने पत्रात लिहिलंय, लग्न उद्यावर आलंय. मुलीच्या मनाविरुद्ध लग्न ठरलंय, भाऊ ऐकत नाही, बापाचं चालत नाही, आणि ती स्वतः ब्राह्मणाच्या हाती निरोप पाठवते की मी आदल्या दिवशी देवीच्या दर्शनाला गावाबाहेर येणार आहे, तिथून मला घेऊन जा. कुठे, कधी, कसं, सगळं तिनेच ठरवलेलं. आपण ‘रुक्मिणीहरण’ म्हणतो, पण पत्र नीट वाचलं तर गाडी तिनेच बोलावलेली दिसते. (हशा)

ती देवी कोणती, यावर आपल्याकडे भांडण आहेच. अमरावतीकर म्हणतात, आमची अंबादेवी. इथून तिकडे भुयार होतं असंही सांगतात. गावाबाहेरचं देऊळ म्हणून लग्नाच्या आदल्या दिवशी चाळीस किलोमीटर चालत जाणारी नवरी आमच्या डोळ्यांसमोर येत नाही. इथे नदीवर अंबिकेचं देऊळ आहे, ते जास्त पटतं. पण अमरावतीत राहून हे फार मोठ्याने बोलता येत नाही.

आता तो दिवस. अमरावतीहून रेल्वेने सुरत, तिथून राजकोटला भाच्याकडे. त्याची गाडी घेतली आणि रात्री सासणला मुक्काम. सकाळी सातला निघालो.

गीरमध्ये पहिल्या दहा मिनिटांत जे वाटलं ते सांगतो: आपण मेळघाटात आहोत. साग, पळस, बोरी, धावडा, पानगळीने उघडे पडलेले उतार, वाळलेलं पिवळं गवत. लोकांना जंगल म्हटलं की कोकणातलं, आंबोलीतलं ओलं हिरवं रान डोळ्यांसमोर येतं. गीर तसं नाही. ते कोरडं, पानगळीचं, आपल्यासारखंच. कारणही सोपं आहे. जमीन तीच. साडेसहा कोटी वर्षांमागे लाव्हाचे जे थर पसरले ते इथपासून सौराष्ट्रापर्यंत गेले. काळी माती, कापूस, भुईमूग. दख्खनचा दगड म्हणतो आपण, पण त्याला खंभातच्या आखाताने अडवलेलं नाही. फरक एवढाच की मेळघाटात वाघ आणि तिथे सिंह. २०२५च्या गणनेत गुजरातेत ८९१ सिंह मोजले गेले आणि आशियाई सिंह मोकळ्या रानात जगात दुसरीकडे कुठे नाही. आम्हाला एकही दिसला नाही. चितळ दिसले, मोर दिसले, एक मालधारी म्हशी घेऊन निवांत चालला होता. त्याला विचारलं, भीती नाही वाटत? तो हसला, काही बोलला नाही.

तालाळा सोडलं की आंब्याच्या बागा लागतात. केशर आंबा तो हाच. मोहर आलेला, सगळ्या हवेला वास. मधून मधून गुळाची गुऱ्हाळं. एका ठिकाणी थांबून गरम गूळ खाल्ला. त्यावर बोलायला लागलो तर वेळ संपेल.

मग वेरावळ. माशांचा वास गावाच्या आधी येतो. तिथे भालका तीर्थ आहे. पिंपळाखाली पहुडलेल्या कृष्णाच्या पायाला हरीण समजून व्याधाने बाण मारला ती जागा. आम्ही दर्शन घेऊन बाहेर आलो आणि आमच्यातली एक पायरीवर बसून म्हणाली, “अहो, आपण गोष्ट उलटी वाचून राहिलो.” खरंच. ज्या क्रमाने आम्ही गाडी चालवत होतो त्या क्रमाने आधी कृष्णाचा शेवट येतो आणि पुढे पंच्याहत्तर-ऐंशी किलोमीटरवर त्याचं लग्न. शेवट माहीत असताना लग्नाला जायचं. आमच्या लग्नाला एकेचाळीस वर्षं झालीत, तेव्हा हा विचार अगदीच परका नव्हता. पुढचा अर्धा तास गाडीत कुणी फारसं बोललं नाही.

चोरवाडच्या अलीकडे जेवलो. बाजरीचा रोटला, वांग्याचा ओळो, ताक. ओळो म्हणजे आपलं भरीतच, पण त्यांच्या भरताला आपला झणका नाही.

मांगरोळ मागे पडलं की डावीकडे समुद्र दिसू लागतो. माधवपूरजवळ तर महामार्गाला लागूनच वाळू आहे. नारळ, सुरूची झाडं, आणि पुढे मोकळा, उघडा, कुणी न आवरलेला किनारा. जुहूसारखी भेळेची रांग नाही. लाटा जोरकस, पोहायला धोक्याच्या. मागे घेड नावाचा खोलगट प्रदेश आहे. भादर, ओझत या नद्यांचं पाणी पावसाळ्यात तिथे बशीसारखं साचतं, म्हणून गावाचं नाव माधवपूर घेड. दगडही बदलतो. काळा बेसॉल्ट संपून पांढरट, शंखशिंपल्यांचा चुरा मिसळलेला चुनखडीचा दगड सुरू होतो. पोरबंदर दगड म्हणून तो मुंबईतल्या इमारतींना लागलाय. त्याच दगडाचं माधवरायाचं जुनं देऊळ किनाऱ्यालगत भग्न उभं आहे. खाऱ्या वाऱ्याने कोरीव मूर्तींचे चेहरे झिजलेत, नाकडोळे गेलेत, नुसते उभे आकार उरलेत. शेजारी नवं देऊळ.

किनाऱ्यावर वनखात्याचं कासवांच्या अंड्यांचं केंद्र आहे. समुद्री कासवाची मादी वाढते कुठेही, फिरते शेकडो कोस, पण अंडी घालायला ज्या किनाऱ्यावर जन्मली तिकडेच परतते. हे वाचलेलं होतं. पण आपल्याकडे बाळंतपणाला मुलगी माहेरी येते, त्याचा संबंध तिथे उभं राहिल्यावरच लागला. सासरी आलेल्या मुलीच्या गावात माहेरी परतणारी कासवं.

आता फजिती. फोटोसाठी गाडी जरा पुढे घेतली आणि मागचं चाक वाळूत बसलं. जितका जोर द्यावा तितकं खोल. चार तरुण आले, फळी घातली, ढकललं. त्यांच्यासोबत एक म्हातारी होती, अंगावर काळी ओढणी, कानात जड सोनं. तिने विचारलं, कुठले? आम्ही म्हटलं, विदर्भ, अमरावती. तिला कळेना. मग आम्ही म्हटलं, रुक्मिणीचं गाव. तिने हात जोडले आणि म्हणाली, “तो तो तमे अमारा वेवाई थया!”

वेवाई म्हणजे व्याही.

मंडळी, तोवर आम्ही पर्यटक होतो. त्या एका शब्दानंतर पैसे देऊ केले तर त्या पोरांनी घेतले नाहीत. व्याह्यांकडून काय घ्यायचं? चहा पाजला वर. आणि आम्ही मोकळ्या हाताने उभे. व्याह्यांच्या दारात असं रिकाम्या हाताने जातात का?

त्या चहावर त्यांनी सांगितलं की रामनवमीपासून तिथे मेळा भरतो, माधवरायाचा रथ पळवत मधुवनात नेतात, तिथे लग्न लागतं. आणि रुक्मिणीचं मामेरं, म्हणजे मामाकडचा आहेर, शेजारच्या कडछ गावचे मेर लोक उंट-घोड्यांवरून वाजतगाजत आणतात. नवरीच्या बाजूने उभं राहायला कुणीतरी हवं ना. आमच्या गावची मुलगी, आणि तिच्या बाजूने उभे राहतात कडछचे मेर. ऐकून बरंही वाटलं आणि लाजही वाटली.

पण खरा धक्का त्याआधी देवळाजवळ बसला होता. एका तरुणाने आम्हाला सांगितलं की रुक्मिणी अरुणाचल प्रदेशची राजकन्या. आम्ही म्हटलं, नाही हो, विदर्भाची. तो म्हणाला, नाही, अरुणाचल. २०१८ पासून या मेळ्याला ईशान्य भारतातले कलाकार येतात, मंत्री येतात, २०२२ साली राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते मेळ्याचं उद्घाटन झालं, आणि पूर्व-पश्चिम जोडणारी कथा म्हणून ती तशी सांगितली जाते. दिबांगच्या खोऱ्यातल्या इदू मिश्मी लोकांत रुक्मिणी आपली अशी कथा आहे. रोइंगजवळ भीष्मकनगर नावाचे जुन्या किल्ल्याचे अवशेषही आहेत. रुक्मीला शिक्षा म्हणून कृष्णाने त्याचे केस कापले, म्हणून आम्ही केस असे कापतो, असंही त्यांच्यात सांगतात.

गावी येऊन हे सांगितल्यावर लोक चिडले. एकाने विचारलंच, “काहून, आपली पोरगी कोणीही नेऊन राहिलं का?” आम्हीही चिडलो होतो. पण नुसतं चिडून भागत नाही, आपल्याकडे काय आहे ते बघावं लागतं.

तर काय आहे? महाभारत, हरिवंश, भागवत, सगळीकडे रुक्मिणीचा बाप भीष्मक विदर्भाचा राजा आणि राजधानी कुंडिन. हरिवंशात रुक्मीने कृष्णाला नर्मदेच्या काठी गाठलं असं येतं. विदर्भातून सौराष्ट्राकडे जाणाऱ्या रथाच्या वाटेत नर्मदा लागणारच, अरुणाचलाहून येणाऱ्याची ती वाट नव्हे. हरलेला रुक्मी लाजेने कुंडिनला परतला नाही, त्याने भोजकट नावाचं नगर वसवलं. हे भोजकट नुसतं पोथीतलं नाही. अचलपूरजवळच्या चमक गावी वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा पाचव्या शतकातला ताम्रपट सापडला, त्यात ते गाव ‘भोजकट राज्यात’ असल्याचं कोरलंय. म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वी अमरावती जिल्ह्यातल्या जमिनीला हे नाव होतं. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’त विदर्भाची वाटणी होते, तेव्हा मधली सीमा वरदा नदी. म्हणजे वर्धा. आज या घाटावरून पलीकडे पाहिलं तर आर्वी तालुका, वर्धा जिल्हा. सीमा अजून तीच आहे.

इथल्या टेकाडांचं उत्खनन १९६२ ते ६४ या काळात मोरेश्वर दीक्षितांनी केलं. इसवी सनाच्या आधीपासूनची वस्ती मिळाली, काळी-तांबडी भांडी, सातवाहन काळातले अवशेष. नदीच्या उतारावरचं एक जुनं, नांदतं शहर. रुक्मिणी मिळाली का? नाही, आणि मिळणारही नाही. खापराच्या तुकड्यावर कुणाच्या लग्नाची तारीख नसते. हे आम्ही इथेच, तुमच्यासमोर, स्पष्ट बोलतो, कारण ‘उत्खननात पुरावा मिळाला’ असं ठोकून देणारे आपल्यातही आहेत. ग्रंथ आणि ताम्रपट आपल्या बाजूने आहेत एवढं पुरे आहे, त्यात खोटी भर घालायची गरज नाही.

आणि मिश्मींची कथा? ती त्यांची आहे. त्यांनी ती अंगावर, केसांत वागवलीय. तिला खोटं म्हणायला आम्ही कोण? आमचं भांडण आहे ते त्या एका शब्दापुरतं: ‘नाही’. अरुणाचलातही सांगतात, असं म्हणा. विदर्भाची नाही, असं म्हणू नका. आणि तसं म्हणायची हिंमत त्या पोराला का झाली? कारण विदर्भातून तिथे जाऊन ‘आम्ही तिच्या माहेरचे’ म्हणणारं त्याला आजवर कुणी भेटलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी द्वारकेला गेलो. तिथे रुक्मिणीचं देऊळ गावाबाहेर आहे, द्वारकाधीशापासून दोनेक किलोमीटर लांब, उजाड खारवट जमिनीवर. तिथला पुजारी त्या दोघांच्या आणखी एका रथाची गोष्ट सांगतो. दुर्वासाला जेवायला आणताना रथाला घोड्यांऐवजी कृष्ण आणि रुक्मिणी जुंपलेले. तिला तहान लागली, कृष्णाने अंगठ्याने जमिनीतून पाणी काढलं, ती ऋषीला न विचारता प्यायली, आणि शाप मिळाला: दोघं वेगळे राहाल. म्हणून तिथे आजही पाण्याचं दान मागतात. पंढरपुरातही ती विठोबाच्या शेजारी उभी नाही, वेगळ्या गाभाऱ्यात आहे. तिथली कारणाची कथा निराळी, रुसव्याची.

पण पंढरपूरला आपण तिला एकटं सोडलेलं नाही. इथून रुक्मिणीची पालखी निघते ती १५९४ पासून, संत सदाराम महाराजांनी सुरू केली अशी परंपरा आहे. महिन्याहून जास्त पायी. २०२१ साली करोनामुळे मानाच्या दहाच पालख्यांना बसने जायची परवानगी मिळाली, त्यात कौंडण्यपूरची होती. गावातल्या किती बायकांनी त्या दिवशी बसच्या चाकांवर पाणी घातलं ते आम्ही पाहिलंय.

त्या संध्याकाळी माधवपूरला पावणेसातच्या सुमारास सूर्य पाण्यात गेला. आम्ही घरी मुलीला फोन केला, तर ती म्हणाली, इकडे केव्हाच अंधार पडलाय. तो तो अर्धा तास. बापाच्या घरी दिवेलागण झाली तेव्हा रुक्मिणीच्या अंगणात अजून ऊन होतं.

आता मागून एका ताईंनी चिठ्ठी पाठवलीय: जायचं कसं? सांगतो. अमरावतीहून सुरतेला थेट गाडी आहे. सुरतेहून वेरावळ किंवा पोरबंदरकडे रेल्वेने जाता येतं. तिथून माधवपूरला बस आणि जीपा मिळतात. मेळ्यात राहायची सोय आधी बघा, गाव लहान आहे. लग्न चैत्र शुद्ध द्वादशीच्या सुमाराला असतं, पंचांग पाहून तिकीट काढा. आम्ही दोघं यंदा जातोय. अमरावतीच्या बाजारातून एक हिरवी नऊवारी आणि खण घेऊन ठेवलाय. कडछचे लोक उंटावरून येतात, आम्ही जीपने येऊ. ज्यांना सोबत यायचं असेल त्यांनी व्याख्यान संपल्यावर इथे वहीत नाव लिहा, पण साडी प्रत्येकाने वेगळी आणू नका, एकच पुरे.